वार्धक्यातील आशा : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील एका शब्दाचा अर्थपालट

१

मराठी भक्तिवाङ्मयात ‘आशा’ हा शब्द फारसा प्रतिष्ठित नाही. आशापाश, आशातृष्णा, दुराशा अशा जोडशब्दांतून तो बहुधा भेटतो. आणि भेटतो तो साधकाच्या पायातील बेडी म्हणून. एका प्रसिद्ध संस्कृत सुभाषिताने आशेला विलक्षण शृंखला म्हटले आहे : तिने बांधलेला मनुष्य धावत सुटतो आणि तिच्यातून मोकळा झालेला पांगळ्यासारखा जागीच राहतो. शंकराचार्यांच्या नावावर रूढ असलेल्या चर्पटपंजरिका स्तोत्रात ही आशा थेट वार्धक्याशी जोडलेली आहे. अंग गळाले, केस पिकले, तोंडाचे बोळके झाले, हाती काठी आली, तरी म्हाताऱ्याच्या हातून आशेचे गाठोडे सुटत नाही, असे ते चित्र आहे. म्हातारपणची आशा ही हास्यास्पद गोष्ट होय, हा संस्कार मराठी वाचकाच्या मनावर असा फार जुना आहे.

ख्रिस्ती धर्मग्रंथ मराठीत आला तेव्हा याच शब्दाच्या वाट्याला अगदी निराळे स्थान आले. नवा करार सेरामपूरहून १८११ मध्ये मराठीत निघाला; त्यानंतरच्या भाषांतरांतून विश्वास, आशा आणि प्रीती हे त्रिकूट मराठी ख्रिस्ती समाजाच्या तोंडी रुळले. पौलाच्या पत्रांत आशा हा सद्गुण आहे. जे अद्याप दिसत नाही त्याची धीराने वाट पाहणे, असा तिचा अर्थ तेथे सांगितला आहे. आणि हा धीर सुखातून नव्हे, तर संकटातून उपजतो, असेही म्हटले आहे. एका परंपरेत जी वृद्धाने टाकावयाची, तीच दुसरीत त्याने शेवटच्या श्वासापर्यंत धरून ठेवावयाची. शब्द एकच, अर्थ मात्र जवळजवळ उलटा.

असा अर्थपालट कोशात नोंद करून घडत नाही. तो वाङ्मयात सिद्ध व्हावा लागतो. मराठीत तो कोठे आणि कितपत सिद्ध झाला, हे रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) आणि लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या लेखनाच्या आधारे तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. टिळकांच्या अभंगांनी जी गायिली ती मुख्यतः ‘आस’ होय. ख्रिस्ती अर्थाची ‘आशा’ मराठीत उतरली ती लक्ष्मीबाईंच्या उतारवयातील कामात आणि गद्यात, असे येथील प्रतिपादन आहे.

२

या कथेचा आरंभ कोकणात होतो. जगबुडीच्या काठचे खेड, त्याला लागून असलेली दापोली आणि सावित्रीच्या मुखाशी असलेले बाणकोट, हा उत्तर रत्नागिरीचा टापू पश्चिम भारतातील स्कॉटिश मिशनच्या इतिहासात अगदी आरंभी येतो. १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनरी बाणकोटास आले आणि पुढे त्यांनी हर्णे येथे ठाणे केले. १८२९ मध्ये मुंबईस उतरलेले जॉन विल्सन हे मराठी शिकण्यासाठी प्रथम याच किनाऱ्यावर येऊन राहिले होते. लवकरच मिशनचे लक्ष पुणे आणि मुंबई या शहरांकडे वळले.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. तथापि त्यांच्या धर्मांतराचा संबंध या जुन्या ठाण्यांशी जोडता येत नाही. ते नव्या मताकडे वळले ते पुढे कितीतरी वर्षांनी, वाचन आणि चिंतन यांच्या द्वारे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. कोकणाने त्यांना दिले ते वेगळेच. आईचा लळा त्यांना विलक्षण होता आणि ते अकरा वर्षांच्या आसपास असतानाच ती वारली. मरणाची पहिली ओळख त्यांना झाली ती अशी, घरातील सर्वांत जवळचे माणूस जाण्याने. पुढे त्यांच्या अभंगांत ख्रिस्त हा माउली आणि गुरू या दोन नात्यांनी वारंवार येतो. हे रूपक त्यांनी वारकरी संतांकडून घेतले, यात शंका नाही. परंतु घेतलेले रूपक कवीच्या आयुष्यातील एखाद्या उणिवेवर नेमके बसले म्हणजेच त्याला आपलेपण येते. टिळकांच्या बाबतीत असे झाले असावे. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, हे त्यांचे म्हणणे प्रसिद्धच आहे. त्या पुलावरून ते एकटे आले नाहीत, आपल्याबरोबर शब्दही घेऊन आले, हे मात्र पुरेसे लक्षात घेतले गेलेले नाही.

३

त्या शब्दांचे ओझे किती होते, हे वार्धक्याच्या वर्णनांवरून कळते. भगवद्‌गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांत जन्म, मृत्यू, जरा आणि व्याधी यांतील दोष पाहणे हे एक लक्षण सांगितले आहे. ज्ञानेश्वरांनी त्यावर लिहिताना म्हातारपणाचे जे चित्र काढले आहे, त्याला मराठीत जोड मिळणे कठीण. शरीराच्या एकेका अवयवाची होणारी दैना आणि घरच्यांनी केलेला अव्हेर, यांतले काहीही कवी झाकीत नाही. हे सर्व ज्ञानी पुरुष तारुण्यातच डोळ्यांपुढे आणतो, कारण त्यातून वैराग्य उत्पन्न व्हावयाचे असते.

बायबलाच्या जुन्या करारातील ‘उपदेशक’ या ग्रंथाच्या शेवटच्या अध्यायातही वार्धक्याचे असेच चित्र आहे. तेथे शरीर हे एक घर आहे : त्याचे राखणदार कापू लागतात, दळणाऱ्या थोड्या उरतात, खिडक्यांतून पाहणाऱ्यांना अंधारी येते. याही ग्रंथाचा उपदेश तरुणांना उद्देशून आहे. म्हणजे वार्धक्याच्या दर्शनात ज्ञानेश्वर आणि हा हिब्रू कवी एकमेकांपासून दूर नाहीत. अंतर पडते ते नव्या करारात. बाहेरचा मनुष्य झिजत असतानाच आतला मनुष्य दिवसेंदिवस नवा होत जातो, असे पौल करिंथकरांस लिहितो. वैराग्याने जरेकडे पाहणारा देहापासून मन काढून घेतो; पौलाला मात्र झीज आणि नवेपण ही एकाच काळी, एकाच माणसात चालू असलेली दिसतात. लूकच्या शुभवर्तमानात बाळ येशूला प्रथम ओळखणाऱ्यांत वृद्ध शिमोन आणि चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा हन्ना ही दोघे आहेत. त्यांची आशा संपत्तीची किंवा आयुष्य वाढण्याची नाही. तरीही ती आशाच आहे आणि ती म्हाताऱ्यांचीच आहे.

आणखी एक भेद येथे ध्यानात घेतला पाहिजे. फ्रेंच धर्मशास्त्रज्ञ ऑस्कर कुलमन यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड येथे दिलेल्या व्याख्यानात आत्म्याचे अमरत्व आणि मृतांचे पुनरुत्थान या दोन कल्पना स्पष्टपणे वेगळ्या केल्या. सॉक्रेटिस शांतपणे विष घेतो, कारण मरण त्याच्या दृष्टीने आत्म्याची सुटका आहे. येशू मात्र मरणापुढे व्याकूळ होतो, कारण त्याच्या दृष्टीने मरण हा खराखुरा शत्रू आहे. शत्रू खरा असेल तरच त्यावरील जयाला अर्थ राहतो. मराठी ख्रिस्ती कवीपुढील अडचण या भेदामुळे उघड होते. त्याच्या भाषेत आत्म्याच्या अमरत्वासाठी शब्दांची समृद्धी आहे : जुने वस्त्र टाकणे, घट फुटून आकाश आकाशात मिळणे, थेंब सागरात विरणे. पुनरुत्थानासाठी मात्र परंपरेने त्याच्या हाती काहीच दिलेले नाही.

या अडचणीला पहिल्यांदा सामोरे गेले ते गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा कर्त्याने साठी ओलांडली होती, आणि १६१९ मध्ये त्यांचे निधन झाले. स्टीफन्स यांनी स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणण्यास मागेपुढे पाहिले नाही. त्यांचा भरवसा कथेवर होता. शब्द जुना राहिला तरी कथानक त्याला नव्या अर्थाकडे ओढून नेईल, ही त्यांची रीत. ओवीबद्ध पुराणात ती चालली, कारण पुराणाला सांगावयाला घटना असतात. अभंगाला घटना नसतात. त्याला केवळ भाव असतो आणि शब्द असतात.

४

टिळकांच्या अभंगांचे यश आणि त्यांची मर्यादा या एकाच ठिकाणी आहेत. मराठी संतांनी ‘आशा’ निंदिली, पण ‘आस’ कधीच निंदिली नाही. दोन्ही शब्द मुळात एकच. तरीही विठ्ठलाच्या भेटीची आस हा तुकोबांच्या अभंगांचा प्राण आहे. आस ही भेटीची असते. तिला आज, आत्ता समाधान हवे असते आणि ते न मिळाले तर ती तळमळते. टिळकांनी हा धागा बरोबर उचलला. त्यांचा ख्रिस्त पुढे कधीतरी येणारा राजा यापेक्षा जवळ असलेला, जवळ येणारा, सर्वस्व व्यापणारा सखा म्हणून अधिक भेटतो. त्यामुळे त्यांचे अभंग परके वाटत नाहीत. त्यांच्यातील आर्तता उसनी नाही.

परंतु ज्या कवितेत मीलन हे मुख्य सत्य असते, त्या कवितेत मरण फार लवकर विरघळते. देव आणि भक्त यांत अंतर उरले नाही, की मरण हा केवळ उंबरठा ठरतो आणि माहेरी जाणाऱ्याला उंबरठ्याचे भय नसते. आपले मरण आपल्याच डोळ्यांनी पाहिल्याचा सोहळा तुकोबांनी गायिला, तो याच भूमिकेवरून. टिळक त्या भूमिकेच्या इतके जवळ जातात की, पौलाने ज्याला शेवटचा शत्रू म्हटले, ते मरण त्यांच्या अभंगांत शत्रुरूपाने क्वचितच उभे राहते. याच कवीने ‘केवढे हे क्रौर्य!’ या कवितेत पारध्याने घायाळ केलेल्या पक्षिणीचे मरण लिहिले आहे. तेथे मरण अगदी खरे आहे, कारण तिच्यामागे घरट्यात पिले आहेत. लौकिक कवितेत ज्याला मरणाचे दुःख इतके नेमके दिसले, त्याच्या भक्तिकवितेत ते मवाळ व्हावे, याचे कारण कवीच्या प्रामाणिकपणात शोधावयाचे नसून त्याने स्वीकारलेल्या परिभाषेत शोधावयाचे आहे.

टिळकांच्या जीवनाने मात्र त्यांच्या परिभाषेपेक्षा पुढचे पाऊल टाकले. १९१७ मध्ये, पंचावन्न वर्षे उलटल्यावर, त्यांनी मिशनची नोकरी सोडून संन्यास घेतला. परंपरेच्या दृष्टीने उतारवयातील संन्यास ही अपेक्षितच गोष्ट होय. संन्यास म्हणजे नव्या उद्योगांचा त्याग. टिळकांनी संन्यास घेऊन नवा उद्योग आरंभिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे सर्व अनुयायी ज्यात बंधुभावाने एकत्र येतील, असा ‘देवाचा दरबार’ त्यांनी साताऱ्यास काढला. शरीर साथ देत नसताना, फळ आपल्या हयातीत मिळणार नाही हे जवळजवळ निश्चित असताना असे काही सुरू करणे, यालाच पौलाच्या अर्थाने आशा म्हणतात. ९ मे १९१९ रोजी मुंबईस ते निवर्तले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या देहाचे दहन करण्यात आले. पुनरुत्थानावर श्रद्धा असलेल्या समाजात दफनाची रीत रूढ असताना ही इच्छा अनेकांना विसंगत वाटेल. वास्तविक तिच्यात एक ठाम विचार आहे : देणारा देव आहे, तेव्हा देह मातीत आहे की राखेत, यावर आशा अवलंबून नाही. जुन्या रीतीत नवा अर्थ भरण्याचे जे काम अभंगात पुरेसे साधले नाही, ते येथे एका कृतीने साधले.

५

टिळकांच्या मागे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. ख्रिस्ताच्या चरित्रावरील या महाकाव्याचे पहिले सुमारे अकरा अध्यायच त्यांच्या हातून झाले होते. ते पुरे करण्याचे काम लक्ष्मीबाईंनी अंगावर घेतले. तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. शाळेचे शिक्षण त्यांना नव्हते. जोडाक्षरांशी त्यांचे आयुष्यभर जमले नाही. साठांहून अधिक अध्याय त्यांनी रचिले, शेवटचा अध्याय पुत्र देवदत्त यांनी लिहिला, आणि लक्ष्मीबाईंच्या मृत्यूनंतर १९३८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला.

या ग्रंथाचे मूल्यमापन करताना टिळकांचा भाग अधिक काव्यमय आणि लक्ष्मीबाईंचा अधिक साधा, असे म्हणून थांबता येईल. ते खोटेही ठरणार नाही. परंतु कामाची विभागणी कशी झाली, इकडे लक्ष दिल्यास दुसरी एक गोष्ट दिसते. चरित्राच्या क्रमाने जन्म आणि बालपण कवीच्या वाट्याला आले. दुःखभोग, मरण आणि पुनरुत्थान हा भाग त्याच्या विधवेकडे आणि मुलाकडे आला. ज्याला मीलनाची वाणी सहज वश होती, त्याला हा विषय लिहावयास अवधी मिळाला नाही. ज्यांनी तो लिहिला, त्यांच्या घरातून मरण नुकतेच जाऊन आले होते. त्याआधी बरोबर एक वर्ष, मे १९१८ मध्ये, टिळकांच्या घरी मुलासारखे राहिलेले बालकवी ठोंबरे रेल्वेच्या अपघातात गेले. ‘औदासीन्य’ लिहिणारा हा कवी आणि अभंग गाणारे टिळक एकाच छपराखाली राहिले होते. एकाला अकारण उदासीनतेने ग्रासले होते, दुसऱ्याला अखंड सान्निध्याची ग्वाही होती. दोघांनाही ओळखणारी आणि दोघांच्याही मागे उरलेली व्यक्ती म्हणजे लक्ष्मीबाई. त्यांची आशा या दोहोंच्या मधून वाट काढते.

ही वाट ‘स्मृतिचित्रे’त स्पष्ट दिसते. या आत्मचरित्राचे भाग १९३४ पासून निघू लागले. अखेरचा भाग लेखिकेच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला. साठी उलटून गेलेल्या स्त्रीने मागे वळून पाहावे, म्हणजे आठवणींना खिन्नतेची छटा यावी, ही सामान्य अपेक्षा. येथे ती फोल ठरते. लेखिका स्वतःच्या अज्ञानाला, फजितीला, नवऱ्याच्या विक्षिप्तपणाला मनमुराद हसते. पण हे हसणे दुःख टाळण्यासाठी केलेले नाही. ग्रंथाचा आरंभच मरणाने होतो : १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत आजोबांना झालेली फाशी, आणि त्यानंतर वडिलांच्या मनाने घेतलेला सोवळ्याचा वेडापिसा ध्यास. त्या घरात एका मरणाने भय पेरले; स्पर्शाचे, विटाळाचे, माणसांचे भय. वडिलांनी पाण्याने जे धुऊन काढण्याचा आयुष्यभर प्रयत्न केला, ते मुळात मरणच होते, असे वाचकाला वाटल्यावाचून राहत नाही. पुढे त्याच घरची मुलगी कालांतराने स्वतः ख्रिस्ती झाली, परक्यांची मुले पोटाशी धरू लागली, आणि पतीच्या मरणानंतर त्याचे अपुरे पान पुढे ओढून लिहिण्यास बसली. एका मरणाने घराची दारे लावून घेतली. दुसऱ्या मरणानंतर ती उघडीच राहिली. आशा म्हणजे काय, याचे विवरण ‘स्मृतिचित्रे’त कोठेही केलेले नाही. मात्र या दोन मरणांमधील अंतर हेच त्या ग्रंथातील आशेचे माप आहे.

याच पिढीतील पंडिता रमाबाईंचे उदाहरण या निष्कर्षाला पुष्टी देते. केडगाव येथील मुक्तिसदनात त्यांनी संबंध बायबलाचे मूळ भाषांवरून सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे काम वर्षानुवर्षे चालविले होते. जुलै १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. तिच्याच हाती संस्था सोपविण्याचा त्यांचा मानस होता. थकलेल्या, ऐकू येईनासे झालेल्या रमाबाईंनी काम सोडले नाही. भाषांतर हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेविला. ग्रंथ छापून बाहेर पडला तो १९२४ मध्ये. ‘ख्रिस्तायन’ आणि हे भाषांतर या दोन्ही कृती कर्तीच्या पश्चात प्रसिद्ध झाल्या आहेत. आपण वाचकाच्या हाती पुस्तक पडलेले पाहणार नाही, हे माहीत असूनही अक्षर तपासीत बसणारी वृद्धा आणि चर्पटपंजरिकेतील गाठोडे न सोडणारा वृद्ध, या दोघांनाही आशा सुटत नाही. पण एकाच्या मुठीत काही धरलेले आहे आणि दुसरीच्या हातून काही दिले जात आहे. शब्दाचा पालटलेला अर्थ तो हाच.

६

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, फळाची अपेक्षा न धरता काम करीत राहणे हा तर गीतेचा कर्मयोग. त्याला ख्रिस्ती आशा हे निराळे नाव कशाला? साम्य आहे, आणि मराठी ख्रिस्ती लेखकांना ते उपकारकच झाले असेल. भेद आहे तो फळाविषयीच्या वृत्तीत. कर्मयोगी फळाविषयी उदासीन असतो. आशावान मनुष्य उदासीन नसतो. फळ येणारच, ते आपल्या हातचे नाही आणि कदाचित आपल्या हयातीतले नाही, एवढेच तो म्हणतो. म्हणूनच त्याला शोक करण्याचीही मुभा आहे. ज्याची अपेक्षाच नाही त्याचे जाणे लागत नाही. लक्ष्मीबाईंना टिळकांचे जाणे लागले, आणि ते लपवावे असे त्यांना वाटले नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वृद्धापकाळी सर्वांनाच काम करता येत नाही. ज्याचे हात चालत नाहीत, ज्याची स्मृती गेली, त्याच्या आशेचे काय? ती कामाने मोजली तर अशा वृद्धाला आशेचा अधिकारच उरणार नाही. या प्रश्नापुढे लक्ष्मीबाईंचे गद्य अपुरे पडते, हे मान्य केले पाहिजे. आणि नेमक्या याच ठिकाणी टिळकांच्या अभंगांकडे परत यावे लागते. हात थकल्यावर, शब्द सुचेनासे झाल्यावर माणसाजवळ उरते ती आस. ती काही करीत नाही; ती फक्त वाट पाहते आणि माउलीला हाक मारते. आशेला जी कृती लागते, ती थांबल्यावर आस तिची जागा घेते. टिळकांचे अभंग प्रार्थनासभांत आणि आजाऱ्यांच्या उशाशी म्हटले गेले, त्याचे मर्म येथे आहे.

तेव्हा ‘आस’ आणि ‘आशा’ यांत एक कच्ची आणि दुसरी पक्की, असा निवाडा करणे योग्य नव्हे. मराठीने ख्रिस्ती श्रद्धेला दोन्ही शब्द दिले, आणि एकाच घरातील दोन लेखण्यांनी ते वाटून घेतले. अभंगाने मरणाला माहेरचा रस्ता मानले. गद्याने त्या रस्त्यावरचे काटे दाखविले आणि तरीही चालणे थांबविले नाही. त्यांपैकी एकच वाचणाऱ्याला सांत्वन मिळेल किंवा सत्य मिळेल. दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून वाचणाऱ्याला, वार्धक्यात हे दोन्ही एकत्र असू शकतात, असा विश्वास मिळेल.